लगाम आणि मात्रा

कर्करोगाच्या प्रतिकारशास्त्राचा आढावा १८९१ पासून आरंभण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. कारण रुग्णालयाचे जुने दप्तर चाळताना, धावरे होऊन तीव्र ज्वर आलेल्या एका रुग्णाचे अर्बुद विरून गेल्याची नोंद ज्यांच्या दृष्टीस पडली, त्या न्यूयॉर्कच्या विल्यम कोली या शल्यचिकित्सकांनी त्या साली तेच जंतू दुसऱ्या रुग्णास हेतुपुरस्सर टोचले आणि देहाची संरक्षणशक्ती अर्बुदाविरुद्ध उभी करण्याचा ध्यास पुढे आयुष्यभर सोडला नाही. त्यानंतरच्या दीर्घ निराशेचा विस्तार येथे नको. क्योटोत तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेला १९९२ साली टी-पेशी या प्रतिकारक पेशींना आवरणाऱ्या पीडी-१ या प्रथिनाचे जनुक गवसले, बर्कलीत जेम्स ॲलिसन यांनी तसाच लगाम असलेल्या सीटीएलए-४ या प्रथिनास अटकाव केल्यावर उंदरांतील अर्बुदे मावळतात असे १९९६ साली दाखविले, आणि टी-पेशींवरील लगाम सैल करणे हाच उपचार होऊ शकतो, या सिद्धांताला २०१८ चे नोबेल पारितोषिक लाभले.

या शास्त्राचे नित्याचे काम मात्र रक्ताच्या एका नळीपाशी चालते. बाह्यरुग्ण विभागातून आलेला नमुना उद्यावर ढकलण्याची मुभा नसते, कारण ठेवलेल्या रक्तात पेशींचा स्वभाव पालटतो. म्हणून दुपार टळली तरी तो हाती घेऊन, नळी तिरपी धरून, फायकोलच्या जड द्रवावर इतक्या हळुवारपणे सोडावा लागतो की दोहोंमधली रेषा मोडू नये. सेंट्रिफ्यूज थांबले की तळाशी तांबड्या पेशी, वर पिवळसर रक्तद्रव आणि मध्ये सायीसारखे पांढुरके कडे दिसते. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, त्या लसिकापेशी तेथेच असतात. त्या पिपेटने अलगद उचलून, चकाकणारी प्रतिपिंडे लावून फ्लो सायटोमीटरमधून सोडल्या, की कोणत्या पेशीवर पीडी-१ आहे आणि पीडी-१ रोखणाऱ्या औषधाने त्यांपैकी किती व्यापले आहे, याचा हिशेब पडद्यावर ठिपक्यांनी उमटतो.

हा हिशेब रुग्णाच्या खिशापर्यंत पोचतो. निव्होलुमॅब या अशाच औषधाच्या प्रारंभीच्या चाचण्यांत अशाच मोजणीने दिसले होते की, किलोमागे ०.१ मिलिग्रॅमपासून १० मिलिग्रॅमपर्यंत मात्रा वाढविली तरी पीडी-१ व्यापले जाण्याच्या प्रमाणात फारसा फरक पडत नाही. औषधाची पूर्ण मात्रा जेथे बहुसंख्यांच्या ऐपतीबाहेरची, तेथे या निरीक्षणाचे मोल टाटा स्मारक रुग्णालयातील चिकित्सकांनी ओळखले. डोके व मान यांच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांच्या चाचणीत, तोंडाने घ्यावयाच्या तीन औषधांना त्यांनी एका गटात दर तीन आठवड्यांनी अवघ्या २० मिलिग्रॅम निव्होलुमॅबची जोड दिली, रूढ मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅमची असताना. वर्षाअखेर हयात असलेल्यांचे प्रमाण जोड नसलेल्या गटात १६.३ टक्के, तर या गटात ४३.४ टक्के भरले. पवईच्या आयआयटीत उगम पावलेल्या आणि २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या नेक्सकार१९ या पेशीउपचाराचा गौरव झाला तो यथार्थच. परंतु माझ्या मते मात्रेचा हा शोधही तितक्याच मानाचा आहे.

तरीही निम्म्याहून अधिक रुग्णांना वर्षभराचे आयुष्य लाभले नाही. काही अर्बुदांत टी-पेशी काठाशीच थबकतात, काहींत आत शिरूनही निष्प्रभ होतात; यांपैकी कोणता प्रकार कोणत्या रुग्णात घडणार, हे पहिली मात्रा देण्यापूर्वीच ओळखता यावे, यासाठी उपचारापूर्वीचे व नंतरचे नमुने शेजारी ठेवून तपासण्याचे काम आता प्रयोगशाळांपुढे आहे.