सणासुदीचा हंगाम आणि खेळते भांडवल : भेडाघाटच्या पाषाणशिल्पींच्या निमित्ताने

भारतातील हस्तव्यवसायांचा विचार करताना आपण बहुधा कारागिराचे कौशल्य, कच्चा माल आणि बाजारपेठ या तीन गोष्टींची चर्चा करतो. काळ हा चौथा घटक मात्र दुर्लक्षित राहतो. कारागिराचे उत्पादन वर्षभर चालू असते, पण त्याची विक्री वर्षातील मोजक्या आठवड्यांत एकवटलेली असते. या दोहोंमधील अंतर कोण आणि कोणत्या किमतीला भरून काढतो, यावर त्याचे उत्पन्न ठरते. प्रस्तुत लेखात मध्य प्रदेशातील जबलपूरजवळच्या भेडाघाट येथील पाषाणशिल्प व्यवसायाच्या आधारे हंगामी उद्योगाचे अर्थशास्त्र समजून घ्यावयाचे आहे.

भेडाघाट : निसर्ग आणि व्यवसाय

मराठी वाचकाला जबलपूर अपरिचित नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत जबलपूर आणि विदर्भ एकाच राज्यात होते व त्या राज्याची राजधानी नागपूर होती. जबलपूर शहरापासून सुमारे वीस-पंचवीस किलोमीटर अंतरावर नर्मदा नदी संगमरवरी कड्यांच्या अरुंद घळीतून वाहते. धुवाँधार धबधबा, कलचुरी काळातील चौसष्ट योगिनी मंदिर आणि कड्यांमधून होणारा नौकाविहार ही येथील मुख्य आकर्षणे होत. २०२१ मध्ये नर्मदा खोऱ्यातील भेडाघाट-लम्हेटाघाट परिसराचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत करण्यात आला.

या पर्यटनाच्या आधाराने येथे दगडाच्या कोरीव वस्तूंचा व्यवसाय उभा राहिला आहे. संगमरवर आणि शंखजिऱ्यासारखा मऊ दगड यांपासून देवदेवतांच्या मूर्ती, शिवलिंगे, दिवे, डब्या, प्राण्यांच्या आकृती अशा वस्तू घडविल्या जातात आणि धबधब्याकडे जाणाऱ्या वाटेवरील दुकानांतून विकल्या जातात. २०२३ मध्ये या पाषाणशिल्पाला भौगोलिक मानांकन मिळाले. बहुतेक उत्पादक कुटुंबाच्या श्रमावर चालणारे, अल्प भांडवलाचे आहेत. कायद्याच्या परिभाषेत त्यांना सूक्ष्म उद्योग म्हणता येईल.

मागणीची दोन पंचांगे

भेडाघाटचा मुख्य हंगाम साधारणतः ऑक्टोबर ते जानेवारी असा असतो. पावसाळ्यात नर्मदेला पूर येतो, नौकाविहार बंद ठेवावा लागतो आणि पर्यटकांची संख्या घटते. पाऊस ओसरल्यावर शरद पौर्णिमेच्या सुमारास नर्मदा महोत्सव भरतो. त्यानंतर दिवाळीची सुटी, कार्तिक पौर्णिमेची यात्रा, नाताळ व नववर्षाची सुटी आणि मकर संक्रांत असा क्रम लागतो.

या यादीकडे बारकाईने पाहिल्यास मागणी दोन वेगवेगळ्या पंचांगांवर चालते असे दिसून येते. शरद पौर्णिमा, दिवाळी आणि कार्तिक पौर्णिमा चांद्रतिथीवर अवलंबून आहेत. नाताळ व नववर्ष सौर दिनदर्शिकेवर. मकर संक्रांतही सूर्याच्या गतीवर ठरत असल्याने जवळजवळ स्थिर असते. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे चांद्रतिथीचे सण दर वर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येतात आणि अधिक मास आला की एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे जातात. २०२५ मध्ये कार्तिक पौर्णिमा ५ नोव्हेंबरला होती; २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्यामुळे ती २४ नोव्हेंबरला येते.

हा फरक व्यवहारात महत्त्वाचा आहे. अधिक मासाच्या वर्षी कारागिराला यात्रेपूर्वी सुमारे अडीच आठवडे जास्त मिळतात, पण यात्रा आणि नाताळ यांमधील अवधी तेवढाच कमी होतो. यात्रेत माल संपला तर नाताळासाठी नवा माल घडविण्यास वेळ अपुरा पडतो. म्हणून गेल्या वर्षी अमुक तारखेला काम सुरू केले, या वर्षीही तेव्हाच करू, हा हिशेब चुकतो. सणाच्या दिवसापासून मागे मोजत यावे लागते : विक्रीचा दिवस, त्याआधी झिलई आणि बांधणी, त्याआधी कोरीव काम, त्याआधी दगडाची खरेदी आणि या सर्वांच्या आधी पैशाची तजवीज.

आधी किती माल घडवावा?

आता नियोजनातील मूळ प्रश्नाकडे वळू. मागणी निश्चित माहीत नसताना किती साठा करावा? अर्थशास्त्रात व व्यवस्थापनशास्त्रात हा प्रश्न वर्तमानपत्र विक्रेत्याचा प्रश्न म्हणून ओळखला जातो. विक्रेत्याने कमी अंक घेतले तर नफा हुकतो, जास्त घेतले तर रद्दी उरते. केनेथ ॲरो, थिओडोर हॅरिस आणि जेकब मार्शाक यांनी १९५१ मध्ये मालसाठ्याच्या इष्टतम धोरणावर लिहिलेला निबंध या विषयातील पायाभूत लेखनांपैकी एक होय.

या सिद्धांताचा गाभा सोपा आहे. एक वस्तू कमी पडल्यास होणारा तोटा आणि एक वस्तू उरल्यास होणारा तोटा यांची तुलना करावयाची. कमी पडल्याचा तोटा भागिले दोन्ही तोट्यांची बेरीज, हे गुणोत्तर जितके मोठे तितका साठा अधिक ठेवणे हिताचे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका दगडी दिव्याचा उत्पादन खर्च १५० रुपये आणि विक्री किंमत २५० रुपये आहे. दिवा कमी पडला तर १०० रुपयांचा नफा हुकतो. दिवा उरला तर तो पुढील वर्षी विकता येईल, कारण दगड नासत नाही. मात्र वर्षभर १५० रुपये अडकून पडतात. सावकाराकडून दरमहा २ टक्के, म्हणजे वार्षिक २४ टक्के सरळव्याजाने पैसे घेतले असतील तर ३६ रुपये व्याज होते. तूटफुटीसाठी ४ रुपये धरले तर उरल्याचा तोटा ४० रुपये. गुणोत्तर १०० भागिले १४०, म्हणजे सुमारे ७१ टक्के. याचा अर्थ, मागणी पूर्ण भागण्याची शक्यता ७१ टक्के राहील इतका साठा करावा.

हेच कर्ज वार्षिक ५ टक्के दराने मिळाले तर व्याज साडेसात रुपये आणि एकूण तोटा साडेअकरा रुपये होतो. गुणोत्तर जवळजवळ ९० टक्क्यांवर जाते. कौशल्य तेच, दगड तोच, ग्राहकही तेच. केवळ व्याजाचा दर बदलल्यामुळे कारागिराने किती धाडस करावे याचे उत्तर बदलते. महाग कर्ज घेणारा कारागीर कमी माल घडवितो तो आळसामुळे किंवा अदूरदृष्टीमुळे नव्हे. त्याच्या परिस्थितीत तेच तर्कसंगत असते.

कोणता माल आधी, कोणता नंतर?

साठ्याच्या संख्येइतकाच त्याच्या स्वरूपाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. वरील दिव्यावर यात्रेचे नाव आणि वर्ष कोरले, तर हंगाम संपल्यावर तो जेमतेम ५० रुपयांना विकला जाईल असे समजू. मग उरल्याचा तोटाच १०० रुपये होतो आणि गुणोत्तर ५० टक्क्यांवर येते. यावरून एक व्यावहारिक नियम निघतो. जी वस्तू कोणत्याही महिन्यात विकली जाऊ शकते ती पावसाळ्यात मोठ्या संख्येने घडवून ठेवावी. नाव, तारीख, विशिष्ट सणाचे चिन्ह या गोष्टी शेवटच्या टप्प्यासाठी, शक्य तेथे ग्राहक समोर असतानाच करावयाच्या. अर्धसिद्ध माल आधी आणि वैशिष्ट्य नंतर, या पद्धतीने अनिश्चिततेचा भार बराच हलका होतो.

मोठ्या मूर्तींबाबत वेगळा विचार करावा लागतो. एका मूर्तीत अनेक दिवसांचे श्रम आणि मोठी रक्कम गुंतते. अशा वस्तू आगाऊ रक्कम घेऊन, मागणीनुसार घडविणे श्रेयस्कर. त्यामुळे खेळत्या भांडवलाचा काही भाग ग्राहकच पुरवितो.

महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील पेण येथील गणेशमूर्ती व्यवसाय या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे गणेशोत्सव काही दिवसांचा असला तरी मूर्तिकामाचा व्याप जवळजवळ वर्षभर चालतो आणि रंगकामासारखी अखेरची कामे उत्सव जवळ आल्यावर होतात. मात्र तेथील जोखीम अधिक तीव्र आहे. गणेश चतुर्थीनंतर न विकलेल्या मूर्तीला वर्षभर ग्राहक नसतो. भेडाघाटच्या कारागिराला हंगामात एकामागून एक अनेक संधी मिळतात. हा त्याचा मोठा लाभ आहे.

पावसाळ्यातील कर्ज आणि हिवाळ्यातील किंमत

हंगामाची तयारी जून ते सप्टेंबर या काळात करावयाची असते आणि नेमक्या याच काळात गल्ला रिकामा असतो. दगड विकत घ्यावयाचा, छिन्न्या-कानशी घ्यावयाच्या, मदतनिसांची मजुरी द्यावयाची आणि घरही चालवावयाचे. बचत नसेल तर दोन मार्ग उरतात : सावकार किंवा व्यापाऱ्याची उचल.

व्यापाऱ्याची उचल वरकरणी बिनव्याजी दिसते. तिची अट अशी असते की तयार माल त्यालाच आणि त्याने ठरविलेल्या दराने द्यावा. म्हणजे व्याज रकमेवर आकारले जात नाही. ते वस्तूच्या किमतीतून वसूल होते. कर्जाचा बाजार आणि मालाचा बाजार एकमेकांत गुंतलेले असण्याच्या या स्थितीला आंतरगुंफित बाजार म्हणतात. ग्रामीण भारताच्या संदर्भात अमित भादुरी व प्रणब बर्धन यांनी अशा व्यवहारांचे महत्त्वाचे विश्लेषण केले आहे.

समजा, २५० रुपयांचा दिवा उचलीपोटी २०० रुपयांना द्यावा लागला. १५० रुपयांच्या भांडवलावर चार महिन्यांसाठी ५० रुपये द्यावे लागले, म्हणजे वार्षिक हिशेबाने १०० टक्के आकार झाला. अर्थात, व्यापारी मालाच्या विक्रीची जोखीम आणि दुकानाचा खर्च स्वतःवर घेतो, हेही विसरता कामा नये. सर्व ५० रुपयांना व्याज म्हणणे न्याय्य ठरणार नाही. तरीही पर्यायी कर्ज उपलब्ध असेल तरच कारागीर व्यापाऱ्याशी बरोबरीने बोलू शकतो.

धोरणांचा आधार आणि त्यातील उणिवा

या संदर्भात तीन तरतुदी विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना. तिच्यातील १८ पारंपरिक व्यवसायांत मूर्तिकार व दगड कोरणारे यांचा समावेश आहे. २०२३-२४ ते २०२७-२८ या कालावधीसाठी १३,००० कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेत कौशल्य प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि तारणाशिवाय ५ टक्के सवलतीच्या दराने कर्ज मिळते. कर्जाचा पहिला टप्पा १ लाख रुपयांपर्यंतचा व १८ महिन्यांत फेडावयाचा, तर दुसरा २ लाखांपर्यंतचा व ३० महिन्यांत फेडावयाचा आहे.

दुसरी, सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६. खरेदीदाराने सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावेत आणि ही मुदत ४५ दिवसांपेक्षा अधिक नसावी, असे कलम १५ सांगते. विलंब झाल्यास कलम १६ नुसार बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते. शहरातील दुकानदाराला माल उधारीवर देणाऱ्या कारागिराच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची आहे. मात्र तिचा लाभ घेण्यासाठी उद्यम नोंदणी आणि लेखी देयक यांची सवय हवी.

तिसरी, भौगोलिक मानांकन. १९९९ चा यासंबंधीचा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. नोंदणी दहा वर्षांसाठी असते व तिचे नूतनीकरण करता येते. परंतु उत्पादनाची नोंदणी झाली म्हणजे प्रत्येक कारागिराला लाभ मिळाला असे होत नाही. त्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. यंत्रावर घडविलेला, बाहेरून आणलेला माल शेजारच्याच दुकानात विकला जात असताना ही ओळख ग्राहकाला पटवून देणे हे हंगामपूर्व तयारीचेच एक अंग होय.

तथापि कर्जाच्या रचनेत एक उणीव राहते. मासिक हप्ता बाराही महिने सारखा असतो, उत्पन्न मात्र चार महिन्यांचे. जुलै-ऑगस्टमधील हप्ता भरण्यासाठी पुन्हा उचल घ्यावी लागली, तर स्वस्त कर्जाचा हेतूच निष्फळ होतो. १९९८ मध्ये सुरू झालेल्या किसान क्रेडिट कार्ड योजनेत पीककर्जाची परतफेड सुगीशी जोडलेली आहे. हेच तत्त्व हंगामी कारागिरांना लागू करणे, म्हणजे कर्ज मे-जूनमध्ये उपलब्ध करून देणे आणि मुद्दलाची वसुली प्रामुख्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करणे, आर्थिक दृष्ट्या सुसंगत ठरेल. त्यासाठी बँकेची वसुली कमी होण्याचे कारण नाही. उलट हाती पैसा असताना मागितलेला हप्ता मिळण्याची शक्यता अधिक.

घाईची किंमत

नियोजनाचा आणखी एक पैलू आरोग्याचा आहे. काम हंगामाच्या तोंडावर लोटले गेले की दिवसाचे तास वाढतात, घरातील सर्वांनाच हात लावावा लागतो आणि बंद जागेत कापणी-घासणी चालते. दगडाची सूक्ष्म धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. पाणी सोडून दगड कापणे, मोकळ्या हवेत काम करणे, योग्य मुखपट्टी वापरणे या साध्या गोष्टी घाईत प्रथम वगळल्या जातात. काम चार महिन्यांवर पसरल्यास ही किंमत टळते, आणि ती कोणत्याही हिशेबवहीत लिहिलेली नसते.

समारोप

भेडाघाटच्या उदाहरणावरून असे म्हणता येईल की हंगामी उद्योगाचे यश हंगामाआधीच्या महिन्यांत ठरते. दोन्ही पंचांगे पाहून मागे मोजणे, टिकाऊ व सर्वसामान्य माल आधी घडविणे, वैशिष्ट्यपूर्ण काम अखेरीस राखून ठेवणे आणि मोठ्या वस्तूंसाठी आगाऊ रक्कम घेणे, एवढे कारागिराच्या हाती आहे. परंतु पावसाळ्यात रास्त दराने पैसा मिळणे त्याच्या एकट्याच्या हाती नाही. पतपुरवठ्याचे वेळापत्रक आणि व्यवसायाचे वेळापत्रक यांचा मेळ घालणे हे विकास नियोजनाचे काम होय. तो मेळ बसला, तर यात्रेच्या दिवशी आपल्या वस्तूची किंमत कारागीर स्वतः सांगू शकेल.