पहिली पाळी आणि रात्रीचे रणगाडे

पहाटे साडेपाच. चहा उकळेपर्यंत संगणकावर काल रात्रीची एक लढाई लावतो. 'वर्ल्ड ऑफ टँक्स'मध्ये खेळलेली लढाई साठवून ठेवायची सोय आहे, आणि हवी तिथे थांबवून ती बघताही येते. जिंकलेली मी बघत नाही. हरलेली बघतो, तीही फक्त सुरुवातीची दोन मिनिटं आणि तीही कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर. पंधरा विरुद्ध पंधरा रणगाडे, जास्तीत जास्त पंधरा मिनिटं. कोण कुठल्या अंगाला गेलं आणि कुठली बाजू उघडी पडली, एवढ्यावर बहुतेक लढायांचा निकाल लागलेला असतो. नेम धरायचा सराव सगळेच करतात. नकाशा बघायचा कंटाळा मात्र सगळ्यांना.

साडेसहा. कोल्हापुरातून हायवेने कामाला: तावडे हॉटेल, पंचगंगेचा पूल, शिरोली. २०१९ च्या महापुरात हाच हायवे पाण्याखाली होता, हे पूल ओलांडताना अजून आठवतं.

सात ते साडेतीन. फौंड्रीत तपासणीचं काम. कास्टिंगची जाडी मोजायची, कुठे पोकळी राहिली का बघायचं. दिवसभर जाडी मोजणाऱ्या माणसाला या खेळातलं चिलखत लवकर कळतं. रशियन टी-३४ चा पुढचा पत्रा अवघा ४५ मिलिमीटरचा, पण उभ्या रेषेपासून ६० अंश कललेला. समोरून सरळ येणाऱ्या गोळ्याला त्यातून ९० मिलिमीटर लोखंड कापावं लागतं. दहावीतली भूमिती, दुसरं काही नाही. खेळातही हाच हिशेब चालतो. ७० अंशांपेक्षा जास्त तिरका लागलेला गोळा घसरून जातो. गोळ्याची जाडी पत्र्याच्या तिपटीहून जास्त असेल तरच नाही. म्हणून समोर छाती काढून उभं राहायचं नाही, रणगाडा थोडा वळवून ठेवायचा. फार वळवला तर कुशीचा पातळ पत्रा समोर येतो, ही त्यातली गोम. नशीबही आहेच: प्रत्येक गोळ्याची भेदक ताकद २५ टक्के वर-खाली होते. तरी पोरं हरली की सगळं खापर त्या २५ टक्क्यांवर फोडतात, ते मला पटत नाही.

साडेबारा, डबा. शेजारचा पोरगा विचारतो, "पैसे भरून दहाव्या टियरचा टँक घेऊ काय?" घे की. समोरचेही त्याच तोडीचे येतील आणि आत्तापेक्षा लवकर मरशील.

चार. घरी न जाता शेतावर. थ्री फेज लाईट याच वेळेला येते, उसाला पाणी सोडायचं असतं. पाणी पाजलेल्या उसात ट्रॅक्टर घातला तर काय होतं, हे इकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात खेमकरणजवळ, असल उत्तरला, नेमकं हेच घडलं. पाकिस्तानची चिलखती डिव्हिजन अमेरिकन पॅटन रणगाडे घेऊन आली. कागदावर ते सरस होते. आपल्या फौजेने कालवे फोडून शेतं पाण्याने भरली आणि घोड्याच्या नालेसारखी फळी करून सेंच्युरियन आणि शर्मन रणगाडे उंच उसात दडवले. पॅटन आत येऊ दिले. ते रुतले, वळेनात, आणि तिन्ही अंगांनी मारा सुरू झाला. शंभराच्या घरात रणगाडे पाकिस्तानने तिथे गमावले. ते पुढे भिखीविंडजवळ ओळीने लावून ठेवले, तर त्या जागेचं नावच पॅटन नगर पडलं.

खेळातल्या झुडपांचा नियम या उसाशी जुळतो. पंधरा मीटरच्या आतलं झुडूप आपल्याला आरपार दिसतं, पण तिथूनच गोळा झाडला की त्याचा आडोसा जातो. जरा मागे सरकलं की झुडूप पुन्हा दाट दिसतं, मग तिथून झाडलं तरी आडोसा टिकतो. तेव्हा निशाणा आपल्याला दिसत नाही, पुढच्या गड्याने दाखवावा लागतो. ४४५ मीटरपलीकडचं कुणालाच स्वतःहून दिसत नाही, ५० मीटरच्या आतलं भिंतीआडूनही दिसतं. हे आकडे पाठ असले की अर्धी धडपड वाचते. असल उत्तरला घाई केली ते हरले, थांबले ते जिंकले. आमच्याकडचे खेळाडू पहिल्या मिनिटालाच उसाबाहेर येतात.

आठ, जेवण.

साडेनऊ. तिघांची प्लॅटून, कानाला हेडफोन. नकाशा प्रोखोरोव्का: रेल्वेचा भराव, उघडं मैदान. पेठेतला मित्र नेहमीसारखा पुढे.

"भावा, दिवा पेटलाय तुझा. मागं ये."

"एक गोळा टाकतो की रं!"

शत्रूला आपण दिसलो की तीन सेकंदांनी तो दिवा पेटतो. म्हणजे दिवा दिसतो तेव्हा समोरच्यांनी नेम धरलेलासुद्धा असतो. एक गोळा टाकायला थांबलेला मित्र पुढचा सगळा वेळ आमची लढाई बघत बसला. जिंकलो का? हो, शेवटच्या मिनिटाला. दुसऱ्या अंगाला रणगाडेच उरले नाहीत हे नकाशावर दिसल्याबरोबर आम्ही दोघं भराव ओलांडून मागे धावलो, आणि आमचा तळ वाचला.

अकरा. तीन लढायांनंतर बंद. चौथी नेहमी रागाच्या भरात खेळली जाते.

तुमच्या घरी असं कुणी खेळणारं असेल तर त्याला एकदा अहिल्यानगरला न्या. १९९४ पासून तिथे लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे, आणि त्यात पॅटनही आहे. त्याचा टरेट ओतीव आहे. फौंड्रीतल्या माणसाने तर बघायलाच हवा.