तांब्याचा चौकोन

अंथुर्ण्यात घरांवर टीव्हीच्या आडव्या दांड्या मी पाहिल्या आहेत. दूरदर्शनच्या लहरी आडव्या कंप पावत, म्हणून दांड्याही आडव्या. या कंपनदिशेला ध्रुवण म्हणतात. ते जुळले नाही, तर संदेश क्षीण होतो.

आपल्याच जिल्ह्यात खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी आहेत. तेथे वारंवारतेचा पट्टा बदलताना ताटलीच्या नाभीशी असलेला सांगाडा फिरवावा लागतो. मायक्रोस्ट्रिप अँटेनात काहीच हलवावे लागत नाही. छापील पाटीवरील तांब्याचा चौकोन सुमारे अर्ध्या तरंगलांबीचा असतो. त्याला जोडलेल्या व्हॅरॅक्टर डायोडवरील व्होल्टेज बदलले, की वारंवारता सरकते. कोपऱ्यांतील पिन डायोड चालू-बंद केले, की ध्रुवण बदलते. यंत्र कसेही कलले, तरी संदेश हरवू नये, याचसाठी ही खटपट!