सोंगांचा मान आणि यादीतली नोंद

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या दोन डोंगराळ तालुक्यांत दहापैकी नऊ माणसे अनुसूचित जमातींची आहेत, असे २०११ ची जनगणना सांगते. आणि या एकाच आकड्यामुळे बाहेरच्या वाचकाच्या मनात या मुलखाचे ‘आदिवासी पट्टा’ असे एकरंगी चित्र तयार होते. प्रत्यक्षात या पट्ट्यात वारली, कोकणा, महादेव कोळी, मल्हार कोळी, क ठाकूर, म ठाकूर आणि कातकरी अशा अनेक जमाती शेजारीशेजारी नांदतात. त्यांचे पाडे बहुधा वेगळे असतात, सोयरिकी आपापल्या जमातीतच होतात, आणि क ठाकूर व म ठाकूर बाहेरच्या माणसाला एकच वाटले तरी त्यांच्यातही लग्नसंबंधाची सीमा परंपरेने पाळली गेली आहे. बहुसांस्कृतिक समाज म्हटले की टोरोंटो किंवा लंडन डोळ्यांपुढे येते. पण अनेक समूहांनी आपले वेगळेपण न सोडता एका गावात राहण्याचा दीर्घ अनुभव सह्याद्रीच्या या उतारांवरही आहे, आणि त्याकडे त्या दृष्टीने फारसे पाहिले गेलेले नाही.

एखाद्या समूहाला ‘आपण कोण’ याची जी सामूहिक जाणीव असते, जिच्यात समान पूर्वजांवरची श्रद्धा, चालीरीती, बोली आणि दैवते गुंफलेली असतात, तिला समाजशास्त्रात वांशिक अस्मिता म्हणतात. येथे ‘वंश’ हा रक्ताचा किंवा शरीररचनेचा प्रकार नसतो. ही अस्मिता संस्कृतीच्या ठरावीक ऐवजावर उभी असते, ही समजूत नॉर्वेचे मानवशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्थ यांनी १९६९ मध्ये खोडून काढली. समूह टिकतो तो दोन समूहांमधली सीमा दोन्हीकडून ओळखली व पाळली जाते म्हणून, आणि सीमेच्या आतल्या चालीरीती बदलल्या किंवा शेजाऱ्यासारख्या झाल्या तरी सीमा कायम राहू शकते, असे त्यांचे म्हणणे होते. जव्हार-मोखाड्यात त्याचा पडताळा सहज येतो. नागली आणि वरईची शेती सर्वांची सारखी, पेरणीआधी राब भाजण्याची रीत सारखी, वाघोबापुढे हात जोडणारेही अनेक जमातींचे. तारपा हे फुंकवाद्य वारल्यांच्या नावाने ओळखले जात असले तरी ते कोकणांमध्येही वाजते. तरीही वारली लग्नात तांदळाच्या पिठाने चौक लिहून त्यात पालघट देवी मांडली जाते आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री पुरोहित, गाण्यांतून विवाह लावते, तेव्हा हे लग्न कोणाचे, याविषयी पाड्यात कोणाच्याही मनात संशय नसतो.

या सीमा पाळूनही एकत्र येण्याची सर्वांत समृद्ध जागा म्हणजे बोहाडा. होळीनंतर वैशाखापर्यंत वेगवेगळ्या गावांत होणाऱ्या या उत्सवात देवदानवांची सोंगे रात्रभर गावातून नाचवली जातात. प्रारंभी गणपती आणि सरस्वती, मग रावण, नरसिंह अशी कितीतरी सोंगे येतात आणि देवीच्या हातून महिषासुराचा वध होऊन सांगता होते. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे जड मुखवटे चेहऱ्यावर बांधलेले असतात, पुढे मशाली असतात, आणि प्रत्येक सोंगाची चाल संबळ व पिपाणीच्या ठेक्यावर ठरलेली असते. ही पात्रे रामायणातली, पुराणांतली. त्यांचे चेहरे, चाल आणि नाच मात्र अस्सल इथले. त्यामुळे बोहाडा ‘हिंदू’ की ‘आदिवासी’, हा बाहेरून विचारला जाणारा प्रश्न तेथे फारसा लागू पडत नाही. अनेक गावांत एकेका सोंगाचा मान एकेका घराण्याकडे पिढीजात चालत आलेला असतो, आणि ही घराणी वेगवेगळ्या जमातींची असतात. मान आपला असतो, उत्सव गावाचा असतो, आणि एका घराण्याने आपले सोंग काढले नाही तर रात्र अपुरी राहते. वेगळेपण विसरून साधलेल्या ऐक्यापेक्षा ही व्यवस्था अधिक टिकाऊ म्हणावी लागेल, कारण तिच्यात प्रत्येकाच्या वेगळेपणाची गावाला गरज असते.

या मुलखाला सत्तेचाही इतिहास आहे. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात उदयाला आलेले जव्हार संस्थान महादेव कोळी जमातीच्या मुकणे घराण्याकडे १९४८ मध्ये विलीनीकरण होईपर्यंत राहिले. म्हणजे आजच्या शासकीय यादीत एकाच ‘अनुसूचित जमाती’ या सदरात असलेल्या समूहांपैकी काहींनी राज्य केले, काहींनी जमीन कसली, आणि काहींच्या वाट्याला जंगल सोडून काहीच आले नाही.

राज्यघटनेच्या ३४२ व्या अनुच्छेदानुसार होणाऱ्या या यादीने आदिवासींना संरक्षण व आरक्षण दिले, ही तिची थोर कामगिरी. परंतु यादीतली नोंद सिद्ध करण्याची वेळ आली की अस्मितेचे मोजमाप करावे लागते. १९७६ च्या कायद्याने यादीवरील क्षेत्रबंधन उठले आणि नामसादृश्याचा आधार घेऊन खोटे दाखले मिळवण्याचे प्रकार वाढले. त्याची झळ खऱ्या आदिवासींना बसली. महादेव कोळी असल्याच्या दाव्यावरूनच उद्भवलेल्या माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये पडताळणी समित्यांची कार्यपद्धती घालून दिली. अर्जदाराला आपल्या जमातीची दैवते, लग्नाच्या रीती, अंत्यविधी किती ठाऊक आहेत, हे तपासणारी आप्तभाव कसोटी तिचा भाग होती. शहरात वाढलेल्या मुलाला धवलेरीचे गाणे येत नसले तर तो वारली उरत नाही काय, हा प्रश्न त्यातून अटळपणे पुढे आला. ठाकूर समाजाच्या संघटनेच्या याचिकेवर मार्च २०२३ मध्ये न्यायालयाने ही कसोटी निर्णायक मानता येणार नाही, असे स्पष्ट केले. स्थलांतर आणि इतर समाजांशी आलेला संपर्क यांमुळे चालीरीती बदलतात, हे त्यामागचे कारण. बार्थ यांचा विचार आणि हा निकाल एकाच दिशेचे आहेत.

मात्र वेगळेपणाला मान्यता मिळाली म्हणजे विषमता मिटतेच असे नाही. कॅनडाने १९७१ मध्ये बहुसांस्कृतिकतेचे धोरण स्वीकारले आणि १९८८ मध्ये त्याचा कायदा केला, तेव्हा तेथे एक आक्षेप घेतला गेला, की सण, वेश आणि खाद्यपदार्थ यांचा गौरव होतो, पण विषमतेला हात लागत नाही. जव्हार-मोखाड्यापुरता हा आक्षेप कातकऱ्यांच्या पाड्यावर सर्वांत टोकदार होतो. खैरापासून काथ काढणारी ही जमात जंगलावरील सरकारी निर्बंधांनंतर आपल्या मूळ धंद्याला मुकली. कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासह ती आज राज्यातील तीन आदिम जमातींपैकी एक आहे, आणि तिच्यातील बहुसंख्य कुटुंबे भूमिहीन आहेत. १९९२ मध्ये वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी जव्हारचे नाव देशभर पोचवले, त्यामागेही हेच दारिद्र्य होते. दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे लेकरांसह भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. होळीला काही दिवस परतणारे असतात, पण अनेकांचे परतणे पाऊस तोंडावर आल्यावरच होते.

वेगळेपणाला अधिकाराची जोड देण्याची एक वाट कायद्यात आहे. पंचायत व्यवस्था अनुसूचित क्षेत्रांत नेणाऱ्या पेसा कायद्याने १९९६ मध्ये तेथील ग्रामसभेला परंपरा, जमीन, पाणी आणि गौण वनोपज यांबाबत अधिकार दिले, आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांनी स्वतंत्र पाड्यालाही गाव म्हणून घोषित होण्याची वाट मोकळी केली. मोठ्या गावाच्या सभेत ज्यांचा आवाज पोचत नाही अशा लहान जमातीसाठी ही तरतूद मोलाची आहे, कारण तिच्यात सीमेचा आदरही आहे आणि अधिकारही. मात्र ग्रामसभा प्रथेप्रमाणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरतात, आणि यांपैकी पहिल्या दोन तारखांना कातकरी पाड्यातील कर्ती माणसे भट्टीवर असतात. पाड्याच्या ग्रामसभेने आपल्या सभांचे वेळापत्रक स्वतः ठरवून महत्त्वाचे ठराव पावसाळ्याच्या महिन्यांत घ्यावेत, यासाठी पंचायत आणि आदिवासी विकास विभागाने पुढाकार घेणे आवश्यक आहे.