आवारात पाणी तुंबते, कोबा मात्र दरवर्षी वाढतो

मे महिना संपत आला की गिरगावच्या वाड्यांत आणि परळ-लालबागच्या चाळींत वर्गणी गोळा होऊ लागते. गेल्या पावसात आवारात घोटाभर पाणी होते, यंदा ते होऊ द्यायचे नाही, असे बैठकीत ठरते. ओळखीच्या गवंड्याला बोलावणे जाते. तो आवारावर एक नजर टाकतो, "तीन इंच कोबा टाकू, सगळे ठीक होईल" असे सांगतो आणि मृगाच्या आत काम उरकून मोकळा होतो. जुलैत पहिला मोठा पाऊस पडला की पाणी पुन्हा तिथेच उभे. गवंड्याचे नाव खराब होते. पुढच्या वर्षी दुसरा गवंडी येतो आणि तोही तीन इंच टाकतो.

आपल्या वाचकांत गवंडी आहेत, प्लंबर आहेत, जाळ्या व ढापे बनविणारे फॅब्रिकेशनवाले आहेत, नागदेवी आणि लोहारचाळीच्या बाजारात पाईप-फिटिंगचा व्यापार करणारेही आहेत. आवाराच्या निचऱ्याचे काम या सर्वांच्या रोजीशी निगडित आहे. दक्षिण व मध्य मुंबईत जुन्या चाळी आहेत तोवर हे काम संपणारे नाही. मात्र ते समजून करणारे कारागीर कमी आहेत, म्हणून हा विषय आम्ही घेतला आहे.

लालबागमधील एका चाळीचे असेच एक काम आम्ही उभे राहून पाहिले. तळमजल्यावर एक शिंपी बांधव राहतात व तिथेच काम करतात. पावसाळ्याचे चार महिने त्यांचे मशीन विटांवर चढविलेले असे आणि गिऱ्हाइकांचे कपडे माळ्यावर. आवार फोडले तेव्हा तुटलेल्या कडेला कोब्याचे तीन थर एकावर एक स्पष्ट दिसत होते. प्रत्येक थराने आवार वर गेले आणि शिंप्याची खोली आपोआप खड्ड्यात गेली. दुसऱ्या थराखाली चेंबरचा बीडाचा ढापा गाडलेला सापडला. आत गाळ इतका घट्ट की पहार मारावी लागली. आवाराला बाहेर जाणारा पाईप होता, तो फुटलेलाही नव्हता. पण त्याचे तोंडच बंद होते. तीन वेळच्या कोब्यावर चाळीने जो पैसा घातला, तो हा ढापा शोधण्यावर एकदा घातला असता तरी पुरे झाले असते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे की आवार बघण्याआधी पाणी जाणार कोठे ते बघावे. काम बाहेरून आत यावे. रस्त्याकडचे शेवटचे चेंबर उघडावे, त्यातल्या पाईपचा तळ किती खोल आहे ते मोजावे आणि तिथून मागे आवारापर्यंत पातळी आणावी. त्यासाठी महाग यंत्र लागत नाही. पाणी भरलेली पारदर्शक नळी, दोरी आणि खडू एवढ्यावर आपल्या जुन्या उस्तादांनी सबंध इमारती उभ्या केल्या आहेत.

पाणी येते किती, याचाही अंदाज असावा. चाळीस फूट लांब व पंचवीस फूट रुंद आवार घ्या. हजार चौरस फुटांवर तासाभरात एक इंच पाऊस पडला तर सुमारे २,३६० लिटर पाणी होते, म्हणजे दोनशे लिटरची बारा पिंपे. त्यात चाळीच्या छपराचे पन्हळही आवारातच उतरत असते. छप्पर दुप्पट असेल तर हिशेब छत्तीस पिंपांवर जातो. हे सगळे पाणी एका चार इंची जाळीतून, तीही चहाच्या चोथ्याने आणि प्लास्टिकच्या पिशव्यांनी भरलेली, बाहेर पडावे अशी आपली अपेक्षा असते.

उताराचे गणित सोपे आहे. आवाराच्या फरशीला साधारण ऐंशीला एक उतार पुरतो. पण चाळीस फूट लांबीत तो एकाच दिशेने द्यायचा तर एका टोकाला सहा इंच चढवावे लागतात, आणि तेवढी उंची उंबऱ्यापाशी नसते. अशा वेळी दोन्ही बाजूंनी मधल्या नालीकडे उतार द्यावा. साडेबारा फुटांत दोन इंचांहूनही कमी लागतात. नालीला लांबीत दीडशेला एक उतार दिला तरी सव्वातीन इंचांत काम भागते. वर उचलता येईल अशी लोखंडी जाळी टाकावी. जाळी सिमेंटमध्ये पक्की बसविणाऱ्याने स्वतः एकदा तिच्याखालचा गाळ काढून दाखवावा. जमिनीखालच्या पाईपला चार इंचीसाठी चाळीसला एक, सहा इंचीसाठी साठाला एक आणि नऊ इंचीसाठी नव्वदला एक हा जुना ठोकताळा आजही चालतो. जिथे पाईप वळतो तिथे चेंबर हवेच. चेंबर वाचवून केलेली काटकसर पुढे सगळे आवार फोडायला लावते.

आता सर्वांत जास्त चुका होतात त्या मुद्द्याकडे येतो. मुंबईत मैल्याची वाहिनी वेगळी आणि पावसाच्या पाण्याची वेगळी आहे. चाळीत मात्र सोपा रस्ता म्हणून आवाराचे पाणी नहाणी-संडासाच्या गली ट्रॅपमध्ये सोडून दिलेले असते. जोराचा पाऊस झाला की मलवाहिनी भरते आणि त्याच ट्रॅपमधून घाण पाणी उलटे आवारात येते. मग जे तुंबते ते पावसाचे पाणी राहत नाही. फजरच्या नमाजला निघालेला माणूस त्यातून चालत गेला तर त्याचे काय होते, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. शिवाय रोगराई आहेच. २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले होते. हा रोग उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होतो. म्हणून गली ट्रॅपची कड आवारापेक्षा चार-सहा इंच उंच बांधावी, त्यात फक्त सांडपाणी जाऊ द्यावे आणि पावसाला वेगळी नाली द्यावी. ट्रॅपमधले दोन इंच पाणी हीच वासाला आणि झुरळांना अडविणारी भिंत आहे. पाणी लवकर जावे म्हणून ट्रॅप काढून टाकणारे प्लंबर आम्ही पाहिले आहेत. त्यांच्याविषयी न लिहिलेले बरे.

गिरगावात प्रश्न थोडा निराळा असतो. तिथे दोन इमारतींमधल्या घरगल्लीत दोन्हीकडचे पाईप उतरतात आणि वरून कचराही उतरतो. घरगल्ली साफ नसेल तर पुढच्या आवारात कितीही चांगले काम केले तरी ते फुकट जाते. दादरच्या सोसायट्यांत आवार पेव्हर ब्लॉकचे असते, पण बाहेरचा रस्ता थरावर थर चढून आवाराच्या वर गेलेला असतो.

परळ आणि हिंदमाता भागात तर प्रामाणिक कारागिराचीही कसोटी लागते. हा भाग बशीसारखा खोलगट. ब्रिटिश काळातल्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मि.मी. पावसाच्या हिशेबाने, तेही ओहोटी धरून, बांधलेल्या होत्या. क्षमता ५० मि.मी.पर्यंत नेण्याची ब्रिमस्टोवॅड योजना १९९३ च्या अहवालात मांडली गेली. तिला खरी गती आली ती २६ जुलै २००५ नंतर. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मि.मी. पाऊस पडला होता. या योजनेच्या अभ्यासात समुद्राला मिळणारी १८६ तोंडे मोजली गेली, त्यांपैकी भरतीच्या पातळीच्या वर असलेली फक्त सहा होती. म्हणजे मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आले की पाण्याला बाहेरची वाट नाही. २०१६ मध्ये रे रोडजवळचे ब्रिटानिया पंपिंग स्टेशन सुरू झाले. २०२१ पासून हिंदमाताच्या पाण्यासाठी दादर पश्चिमेला प्रमोद महाजन कला उद्यानाखाली आणि परळला सेंट झेवियर मैदानाखाली साठवण टाक्या बांधण्यात आल्या. इतके करावे लागले यावरूनच प्रश्नाची खोली कळावी.

अशा जागी रस्त्याचे पाणीच आवारात उलटे येते. उतार कितीही बरोबर असला तरी उपयोग नाही. बाहेर जाणाऱ्या पाईपला एकाच दिशेने उघडणारी झडप बसवावी लागते. पण झडप बंद झाली की चाळीचे स्वतःचे पाणी आत अडकते, ते तासाला किती पिंपे ते वर सांगितलेच आहे. म्हणून झडपेबरोबर एक टाकी आणि पंप हवा, आणि पंपाचा स्विच माणसाच्या छातीच्या वर. नुसती झडप विकून मोकळे होणे हा अर्धा सौदा झाला.

गिऱ्हाइकाला हे तोंडावर सांगण्याची हिंमत हवी. हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागल्याचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. माल पावसाने भिजला, असे व्यापाऱ्याने सांगितले. तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्याला विचारण्यात आले. गाडलेल्या ढाप्यावर गुळगुळीत कोबा ओतणे त्याच जातीचे आहे. तुमच्या आवारात भरतीच्या वेळी दोन तास पाणी राहील, पण घरात शिरणार नाही, असे स्पष्ट सांगून घेतलेले काम टिकते. त्याच गिऱ्हाइकाकडून पुढची दोन कामे मिळतात, हा आमचा अनुभव आहे.

एका बाबतीत मात्र सवलत नको. चेंबर किंवा मॅनहोलमध्ये माणूस उतरवू नये. आत साचलेला वायू आधी सडक्या अंड्यासारखा वास देतो, प्रमाण वाढले की नाकाला वासही कळेनासा होतो आणि माणूस कोसळतो; त्याला काढायला गेलेला दुसराही कोसळतो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरविणे गुन्हा आहे. असे मृत्यू झाल्यास वारसांना द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख रुपये केली. ठेकेदारी करणाऱ्या आपल्या बांधवांनी हा आकडा लक्षात ठेवावा, आणि आकड्याआधी तो बिगारी कोणाचा तरी बाप आहे हेही. वेताच्या काठ्या, जेटिंगचे मशीन किंवा महापालिकेची गाडी यांनी होते तेवढेच काम घ्यावे. उघडा ढापा रात्री तसाच सोडून घरी जाऊ नये. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एल्फिन्स्टन रोडजवळ एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले, ते मुंबई अजून विसरलेली नाही.

परवानगीचेही बघून घ्यावे. आवाराच्या आतील वाहिनी मालकाची किंवा सोसायटीची जबाबदारी असते, पण महापालिकेच्या वाहिनीला जोड द्यायचा तर परवानाधारक प्लंबर आणि वॉर्ड ऑफिसची मंजुरी लागते. परळ-लालबागसाठी एफ दक्षिण, दादर पश्चिमेसाठी जी उत्तर, गिरगावचा बराचसा भाग डी वॉर्डात येतो. चाळ उपकरप्राप्त असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे आधी चौकशी करावी. रहिवाशांची वर्गणी कदाचित वाचेल. ज्या तरुण प्लंबरांकडे हात आहे पण परवाना नाही, त्यांनी तो काढण्याच्या मागे लागावे. परवान्याशिवाय ते आयुष्यभर दुसऱ्याच्या नावावर काम करत राहतील.

काम संपल्यावर पैसे मागण्याआधी चाचणी द्यावी. आवाराच्या सर्वांत लांबच्या कोपऱ्यात पाच-सहा पिंपे पाणी एकदम ओतावे आणि सर्वांच्या देखत ते शेवटच्या चेंबरमध्ये पोचताना दाखवावे. नंतर एका कागदावर प्रत्येक चेंबर भिंतीपासून किती फुटांवर आहे, पाईप किती खोल आहे, हे लिहून चाळीच्या सेक्रेटरीकडे द्यावे. लालबागच्या त्या चाळीत असा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून मीटरच्या पेटीशेजारी लावला आहे. शिंप्याचे मशीन आम्ही ऑगस्टमध्ये पाहिले तेव्हा विटांवरून खाली आले होते.