आग्रह आणि गाडीची किल्ली

आपल्या पाहुणचाराचा प्राण म्हणजे आग्रह. जिलबी असो की बासुंदी, "अजून थोडं घ्याच" म्हटल्याशिवाय यजमानाला चैन पडत नाही. अमेरिकेत आल्यावर हा आग्रह पंगतीतून बेसमेंटमधल्या बारपर्यंत पोचला. बासुंदी जास्त झाली तर माणूस सोफ्यावर पेंगतो. व्हिस्की जास्त झाली तर तोच माणूस बायकोमुलांना घेऊन गार्डन स्टेट पार्कवेवर निघतो. आयसेलिन-एडिसनकडे गाडीशिवाय पार्टीला येणारा विरळाच, म्हणून हा विषय आपल्या घरातला आहे.

न्यू जर्सीत या यजमानाला कायद्याने धरलं ते १९८४ साली. 'केली विरुद्ध ग्विनेल' खटल्यातला ग्विनेल मित्राला घरी सोडायला गेला, तिथे बसून स्कॉच प्यायला आणि परतताना मारी केली यांच्या गाडीवर समोरासमोर आदळला. बाई गंभीर जखमी झाल्या. त्याच्या रक्तात अल्कोहोल निघालं ०.२८६ टक्के. यजमान त्याला गाडीपर्यंत पोचवायला गेला होता, नंतर "नीट पोचलास ना?" म्हणून त्याने फोनही केला. तोवर अपघात झाला होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, पाहुणा झिंगलाय आणि आता गाडी चालवणार आहे हे ठाऊक असून पाजत राहिलात, तर नुकसानभरपाईची जबाबदारी तुमच्यावरही येऊ शकते. पुढे कायदेमंडळाने या जबाबदारीला मर्यादा घातल्या, पण ती काढून टाकली नाही.

दुसरा कायदा 'जॉन्स लॉ', २००१ सालचा. आदल्या जुलैत पोलिसांनी एका मद्यपी ड्रायव्हरला पकडलं आणि मित्राच्या हवाली केलं. मित्राने त्याला परत त्याच्याच गाडीपाशी नेऊन सोडलं! त्या गाडीने नौदलातला तरुण अधिकारी जॉन एलियट मारला गेला, ड्रायव्हरही गेला. आता अशा अटकेनंतर पोलीस गाडी बारा तास अडकवून ठेवतात. दोन्ही प्रकरणांत मधला माणूस दुष्ट नव्हता, भिडस्त होता.

आता थोडं गणित. इथे 'एक ड्रिंक' म्हणजे दीड औंस, सुमारे ४४ मिलिलिटर व्हिस्की. आपला लार्ज पेग ६० मिलिलिटरचा. म्हणजे तीन लार्ज झाले की चार ड्रिंक्स झाली. लिव्हर ताशी साधारण एक ड्रिंक निपटतं. कडक कॉफीने किंवा लिंबूपाण्याने त्याचा वेग वाढत नाही. न्यू जर्सीत मर्यादा ०.०८ टक्के आहे (२००४ पूर्वी ०.१० होती), एकवीस वर्षांखालच्यांना ०.०१. भारतातली मर्यादा तर ०.०३, इथल्यापेक्षा कडक! तरीही मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण इंजिनियर पोर्शेखाली गेले, आणि रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. आकडा कडक असून भागत नाही, भीड सोडणारी माणसं लागतात.

तेव्हा मंडळी, जेवण उशिरा वाढायची पद्धत आधी मोडू या. रिकाम्या पोटी दारू लवकर चढते. प्रत्येक गाडीमागे न पिणारा एक जण आधीच ठरवावा. 'वहिनी चालवतील' असं गृहीत धरण्याआधी वहिनींना विचारावं. आणि तरी कोणी डोलायला लागलाच, तर किल्ली काढून घ्यावी आणि पाहुण्यांच्या खोलीत गादी घालावी. तो रागावेल, दोन महिने फोनही करणार नाही. चालेल. तिसऱ्या महिन्यात फोन करायला तो असेल.