माळा रिकामा करताना

लग्न होऊन मी नारायण पेठेतल्या वाड्यात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला एक मंत्र दिला होता. "कुठलीही वस्तू टाकून देऊ नये, माळ्यावर टाकावी!" हा मंत्र मी 40 वर्षं इमानेइतबारे पाळला. त्याचं फळ गेल्या वर्षी पदरात पडलं.

वाडा पाडायचं ठरलं आणि आम्ही कोथरूडला दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला. "आपल्या दोघांना पुष्कळ झाला," हे म्हणाले. दोघांना पुष्कळच होता हो. पण माळ्यावर आमच्या चार पिढ्या बसल्या होत्या, त्यांची सोय कुठं करायची?

यांनी शिडी लावली आणि वरून एकेक वस्तू खाली येऊ लागली. तांब्याचा बंब, दोन घंगाळी, पराती, तपेली, 14 पाट, पुरणयंत्र, जातं, कंदील, अडकित्ता, यांच्या आजोबांच्या मोडी कागदांचे दोन रुमाल. शेवटी एक पत्र्याची ट्रंक आली. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, त्या पुरात ती भिजली होती. तिच्या आतल्या अंगाला चिखलाची रेघ अजून दिसते.

मुलांना फोन केले. बंगळूरचा मुलगा म्हणाला, "आई, सगळं देऊन टाक." ठाण्याची मुलगी म्हणाली, "आई, काही देऊ नकोस. पण माझ्याकडे जागा नाही." झाला निकाल!

मग मी घाई केली. काळंकुट्ट झालेलं पितळ दोन पोत्यांत भरलं आणि रविवार पेठेत मोडीत घालून आले. 31 किलो भरलं. घर हलकं झालं, मलाही हलकं वाटलं. ते सुख संध्याकाळपर्यंत टिकलं.

संध्याकाळी साताऱ्याहून वन्संचा फोन आला. वन्सं म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, वय 82. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "अगं, माळा काढलास म्हणे. माझी चरवी सापडली का गं? नाव आहे बघ तिच्यावर."

माझ्या पोटात गोळा आला. "बघते हं," एवढंच कसंबसं बोलले. मग यांच्याकडून हकिगत कळली. पुराच्या वर्षी वन्संचं लग्न ठरलेलं होतं. मामंजींनी नावं घालून भांडी आणून ठेवली होती. पुरात ती सगळी गेली. चिखल उपसताना एक चरवी तेवढी हाती लागली. "राहू दे माझ्यापाशी. संच पुरा झाला की एकदम ने," असं सासूबाई लेकीला म्हणाल्या होत्या. संच कधी पुरा झाला नाही, आणि मागायचं कसं म्हणून वन्संनी चरवी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी फळीवर जाऊन बसले. मालक भले होते. त्यांनी पोती उपडी केली. तिसऱ्या ढिगात चरवी मिळाली. एका अंगानं चेपलेली होती, पण चिंचेनं घासल्यावर अक्षरं लख्ख दिसली : 'चि. कुसुम'. त्यांनी कालच्याच भावानं ती परत दिली. आमची तीन तपेली मात्र रात्रीच टेंपोतून वितळायला गेली होती. त्यांच्यावर कुणाची नावं होती, हे मी वाचलंच नव्हतं. ती चुटपुट मला अजून आहे.

त्या दिवसापासून मी एक नेम केला : आधी नाव वाचायचं, मग फोन करायचा, आणि शेवटीच वस्तू घराबाहेर काढायची. आपल्याकडे लग्नामुंजीतल्या भांड्यांवर नावं घालायची रीत होती, त्यामुळे फडताळ म्हणजे घराण्याची वंशावळच असते. एक परात नागपूरच्या चुलत जावेची निघाली. ती आनंदानं रडली.

बिननावाची मोठी भांडी आळीतल्या आचाऱ्यांनी नेली. पितळेच्या भांड्याला कल्हई नसली की आंबट पदार्थ कळकतो, म्हणून मी त्यांना आधी कल्हई लावून दिली. पोरीला सासरी धाडताना उघड्या गळ्यानं धाडतात का? जात्याची चिंता होती. पण एका मंगल कार्यालयानं ते मागून नेलं. घाणा भरायला, हळद दळायला जातं लागतंच. आता ते आमच्याकडे होतं त्यापेक्षा जास्त फिरतं. जुनी लुगडी बोहारणीकडे न देता मी गोधड्या शिवणाऱ्या बाईंना दिली.

मोडी रुमाल भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवायला नेले. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या पुढाकारानं 1910 साली निघालेली ही संस्था आमच्यासारख्यांच्या माळ्यांवरचे कागद जपत आली आहे. आम्हांला ज्यातलं अक्षर लागत नव्हतं, ते तिथं वाचणारी माणसं आहेत.

अडकित्त्यासाठी यांना केळकर संग्रहालयच हवं होतं. तिथं गेलो. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, भांडी अशा घरगुती वस्तू जन्मभर गोळा केल्या आणि अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहाला दिलं. तिथले एकाहून एक अडकित्ते पाहून हे बाहेर आले आणि म्हणाले, "आपला सुपारी खाणाऱ्यालाच देऊ." शेजारच्या नानांना दिला. रोज चालतो.

दिवाळीच्या आधी चरवी घेऊन आम्ही साताऱ्याला गेलो. वन्संनी ती मांडीवर घेतली आणि अक्षरांवरून बोट फिरवलं. लग्नात त्यांचं नाव बदललं. गेली 60 वर्षं त्या सुशीला आहेत. 'कुसुम' म्हणणारं माहेरचं एकही वडीलधारं माणूस आता उरलेलं नाही. "हे नाव एवढ्याच ठिकाणी राहिलं बघ," त्या म्हणाल्या. मग डोळे पुसून चरवीत डोकावल्या आणि मला दटावलं, "आणि कल्हई का गं नाही लावून आणलीस?"

एवढ्या फोनाफोनीत मी नेमकी तीच चुकले होते. दुसऱ्या दिवशी साताऱ्यातच कल्हईवाला शोधला.

नव्या ब्लॉकमध्येही न्हाणीघरावर छोटासा माळा आहे. तिथं पुराची ट्रंक ठेवली आहे आणि तिच्यात मुलीचं पुरणयंत्र. बाकी माळा मोकळा आहे. तुमच्याही घरी या दिवाळीत साफसफाई निघाली असेलच. भांडं पोत्यात घालण्याआधी जरा उजेडात धरा. त्यावर एखादं नाव असेल, आणि कुणीतरी दूर गावी, न मागता, त्याची वाट पाहत असेल.